जोटोचं रिटर्न तिकीट

काही गावांना एसटी जात नाही, रेल्वेही नाही. तरी सुट्टी म्हटलं की मन तिकडंच पळतं. अशाच एका गावाची ही सहल, दुसऱ्यांदा केलेली...

जोटोला जायला व्हिसा लागत नाही. रजेचा अर्ज नको, बॅग भरायला नको, विंडो सीटवरून भांडण नको. फक्त निघायच्या आधी एका अनोळखी माणसाला कायमचं पुसून टाकावं लागतं.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात मी ‘पोकेमॉन हार्टगोल्ड’ची सेकंडहँड कॅसेट विकत घेतली. (कार्ट्रिज म्हणतात हो, माहितीये. पण आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे, तेव्हा कॅसेट!) किंमत इथं छापत नाहीये, कारण आमच्या मातोश्री हा अंक वाचतात. या गेमच्या डुप्लिकेट कॅसेट्स बाजारात पोत्यानं आहेत, पण खरी ओळखायची एक युक्ती आहे. निन्टेन्डो डीएसच्या नेहमीच्या कॅसेट करड्या असतात. ही मात्र काळी कुळकुळीत, आणि उजेडापुढं धरली की आरपार लालसर दिसते, कारण तिच्या पोटात इन्फ्रारेडची सोय आहे. मी खिडकीत उभी राहून ती वर धरली. लाल! टोटल सुख.

घरी पडून असलेल्या डीएसमध्ये कॅसेट सरकवली, तर पडद्यावर पहिलाच पर्याय ‘कंटिन्यू’. म्हणजे आत आधीच कुणीतरी राहत होतं. १६ बॅज, दोनशेहून जास्त तास आणि सहा पोकेमॉन, सगळ्यांना प्रेमानं ठेवलेली टोपणनावं. या गेममध्ये एका कॅसेटवर एकच सेव्ह मावतो. मला प्रवासाला निघायचं तर आधीच्या भाडेकरूला बाहेर काढणं भाग होतं.

मी ती सहाही नावं डायरीत उतरवून घेतली. मग टायटलच्या पडद्यावर ‘अप’, ‘सिलेक्ट’ आणि ‘बी’ ही तीन बटणं एकदम दाबली. जुना सेव्ह पुसायचा हा रस्ता मुद्दाम अवघड ठेवलाय, चुकून काही व्हायला नको म्हणून. वर मशीन विचारतंच, नक्की ना?

नक्की, म्हटलं. पण बोट जरा अडखळलं. कारण हा गुन्हा मी पूर्वीही एकदा केलाय.

गुन्हा नंबर एक

मे २००६. मी आठ वर्षांची, नाशिकला मावशीकडे सुट्टीला गेलेली. मावशीचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, नववीतून दहावीत चाललेला. काका मस्कतला नोकरीला होते. त्यांनी आणलेला जांभळा गेम बॉय कलर म्हणजे त्या गल्लीतली सगळ्यात मोठी श्रीमंती. कार्टून नेटवर्कवरचा हिंदी बोलणारा पिकाचू आम्हाला सगळ्यांनाच पाठ होता, पण पोकेमॉन असा हातात धरून खेळता येतो हे मला दादाकडे कळलं.

त्याच्याकडे होती ‘पोकेमॉन गोल्ड’. ही आणि तिची जुळी बहीण ‘सिल्व्हर’ जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये आल्या, अमेरिकेत २००० मध्ये. ज्यांनी कधीच खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा असा: तुम्ही एक दहा-बारा वर्षांचं पोरगं. घराबाहेर पडायचं, गवतातून हिंडायचं, दिसेल तो चित्रविचित्र प्राणी पकडायचा, वाढवायचा, लढवायचा. गावोगावी जिम असतात, तिथल्या मास्तरांना हरवलं की बॅज. हे सगळं ज्या मुलखात घडतं त्याचं नाव जोटो.

दादाच्या टायफ्लोझनचं नाव होतं ‘बाजीराव’. थोरले बाजीराव एकही लढाई हरले नाहीत, हे त्याला शाळेत शिकवलेलं. दादाचा बाजीराव मात्र एका जागी सारखा हरायचा. गेमच्या अगदी शेवटी, एका डोंगराच्या पोटात, रेड नावाचा मुलगा उभा असतो. एक शब्द बोलत नाही, नुसता लढतो. त्याच्या पिकाचूनं आमच्या बाजीरावाला त्या मे महिन्यात किती वेळा झोपवलं त्याची गणतीच नाही. गेम बॉय कलरच्या पडद्याला आतून उजेड नसतो. त्यामुळे आम्ही दोघं खिडकीच्या कट्ट्यावर टेकून बसायचो, दादा खेळायला आणि मी उसासे टाकायला.

एका दुपारी दादा व्हेकेशन क्लासला गेलेला, मावशी झोपलेली. मी गेम बॉय घेतला. मला रेड नको होता, मला सुरुवात बघायची होती. गोष्ट सुरू कशी होते? म्हणून मी ‘न्यू गेम’ दाबलं. मशीननं आधी वाजले किती विचारलं, मग नाव. मी ‘सोनू’ टाकलं. दोन तास भटकले आणि शहाण्या मुलीसारखं सेव्ह करायला गेले. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मराठी शाळा, तिसरीत चाललेली. मला त्यातलं फक्त ‘यस’ आणि ‘नो’ कळलं. मोठ्यांनी विचारलं की ‘यस’ म्हणायचं, एवढं वळण होतं. मी ‘यस’ दाबलं.

त्या प्रश्नाचा अर्थ होता: इथं दुसऱ्याचा सेव्ह आहे, त्याच्यावर लिहू का?

संध्याकाळी दादानं गेम उघडला आणि बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत बसला. मावशीनं विचारलं, काय रे, काय झालं? तो म्हणाला, “काही नाही, आतला सेल गेला. सगळं उडालं.” मावशी म्हणाली, बरं झालं, आता दहावीचं बघ. मी आतल्या खोलीत देव पाण्यात घालून बसले होते, ते हळूच बाहेर काढले.

पुढच्या तीन सुट्ट्या मी त्याच कॅसेटवर ‘सोनू’चा गेम खेळले. दादा दहावी, बारावी, इंजिनीअरिंग करत गायब झाला. मी कधीच काही बोलले नाही.

चला, निघूया!

‘हार्टगोल्ड’ म्हणजे त्याच ‘गोल्ड’चं नव्यानं बांधलेलं घर. जपानमध्ये सप्टेंबर २००९ मध्ये आलं, अमेरिका-युरोपात मार्च २०१० मध्ये. आपल्याला बिचकवणारा शब्द म्हणजे रिमेक. हिंदी सिनेमानं आपले हात इतके पोळलेत, की रिमेक म्हटलं की जुन्या गाण्याला कुणीतरी ढोलबडव्या बीट लावणार याची खात्रीच असते. तेव्हा मी जरा नाक मुरडतच न्यू बार्क टाऊनला उतरले.

आणि पहिल्या दहा मिनिटांत विरघळले. गाव तेच. चार घरं, प्रोफेसर एल्मची लॅब, पलीकडे पाणी. फक्त आता रंग भरलेत, सावल्या आल्यात. मूळ गेममध्ये सायकल मिळेपर्यंत सगळीकडे पाय ओढत जावं लागे. आता धावता येतं. आणि पहिल्या नंबरचा पोकेमॉन चेंडूत कोंडून न राहता तुमच्या मागोमाग रस्त्यानं चालतो. पूर्वी ‘यलो’मध्ये हा मान फक्त पिकाचूला होता, इथं ४९३ च्या ४९३ जणांना आहे. मागं वळून हाक मारलीत तर तो उत्तर देतो. कधी खूश असतो, कधी वाऱ्याकडे तोंड करून उभा असतो.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा बदल वेगळाच होता. १९९९ च्या ‘गोल्ड’मध्ये तुम्हाला मुलगाच व्हावं लागायचं. मुलगी व्हायची सोय पहिल्यांदा ‘क्रिस्टल’मध्ये, म्हणजे २००० च्या डिसेंबरात आली, आणि ती कॅसेट आमच्या गल्लीत कधी पोचलीच नाही. तीन सुट्ट्या मी टोपी घातलेला एक मुलगा होते, ज्याचं नाव सोनू. या वेळी मशीननं विचारलं, मुलगा की मुलगी? लाल रिबिनीची पांढरी हॅट घातलेली मुलगी जोटोच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा मी घरात एकटीच असून टाळी वाजवली.

पोकेमॉन निवडायची वेळ आली. सिन्डाक्विलच घेतला, जो मोठा होऊन टायफ्लोझन होतो. नाव काय ठेवायचं यावर पाच मिनिटं गेली. ‘बाजीराव दुसरा’ म्हणायचा मोह झाला, पण दुसऱ्या बाजीरावाचं पुढं काय झालं ते आठवलं. नुसतं ‘बाजीराव’ ठेवलं. बाकीच्या टीमला मात्र डायरीतली नावं दिली, त्या अनोळखी भाडेकरूची. व्हायोलेट सिटीच्या खालच्या रस्त्यावर पकडलेली मेंढी ‘मोची’ झाली. म्हटलं, जागा घेतलीये तर निदान नावं तरी राहू देत.

जोटोत घड्याळ खरं चालतं. तुमच्या घरी रात्र, तर तिथंही रात्र. सकाळी दिसणारे प्राणी वेगळे, अंधारात निघणारे वेगळे. माझ्यासारख्या निशाचर फ्रीलान्सरच्या वाट्याला घुबडासारखा हूटहूटच फार. नॅशनल पार्कमधली किडे पकडायची स्पर्धा मंगळवार, गुरुवार, शनिवारीच भरते. युनियन केव्ह नावाच्या गुहेच्या तळाशी लॅप्रस हा समुद्री जीव फक्त शुक्रवारी येतो. शुक्रवार चुकला तर आठवडा गेला! दादा शुक्रवारी क्लास बुडवायचा त्याचं कारण मावशीला आजतागायत कळलेलं नाही. (आता कळेल.) परवाच्या एका शुक्रवारी सगळी गँग पबमध्ये होती, तेव्हा मी लॅप्रसपुढं बसले होते. कुणाची जास्त मजा झाली ते विचारू नका.

आणि हो, आई! तुम्ही जिंकलेल्या पैशांतला पाव हिस्सा ती तुमच्या नावानं बाजूला ठेवते. मग मध्येच त्यातून तुमच्यासाठी काहीतरी विकत घेते आणि फोन करून सांगते. जपानी गेम बनवणाऱ्यांना मराठी आया कशा माहीत, हे कोडंच आहे.

ओसाका ते गोल्डनरॉड

जोटो हवेतून काढलेलं नाही. तो जपानचा कान्साई प्रांत आहे, म्हणजे ओसाका, क्योटो, नारा हा पट्टा, आणि त्याला लागून थोडा पूर्वेचा भाग. व्हायोलेट सिटीतला स्प्राउट टॉवर बघा. मधला खांब सतत डुलत असतो. नारामधल्या होर्यु-जीसारख्या जुन्या पॅगोड्यांच्या पोटात खरोखर असा एक मध्यखांब असतो, तळापासून शेंड्यापर्यंत. भूकंपाच्या देशात असे लाकडी मनोरे शतकानुशतकं उभे आहेत.

पुढचं मोठं शहर गोल्डनरॉड, म्हणजे ओसाका. व्यापाऱ्यांचं, गर्दीचं, खाण्यापिण्याचं शहर. सहा मजली डिपार्टमेंट स्टोअर, रेडिओ टॉवर, जमिनीखालचं मार्केट, आणि शिन्कान्सेनची आठवण करून देणारी मॅग्नेट ट्रेन, जी थेट दुसऱ्या प्रांतातल्या सॅफ्रन शहराला जाते. मुंबई-पुणेकरांना इथं एकदम घरी आल्यासारखं वाटेल. फरक इतकाच की ट्रेनमध्ये बसायला जागा मिळते.

गोल्डनरॉडची खरी ओळख मात्र व्हिटनीची मिलटँक. गुलाबी गाय! दिसायला गरीब, आणि गडगडत अंगावर आली की प्रत्येक फेरीत दुप्पट जोरानं मारते. या गायीनं एका अख्ख्या पिढीला रडवलंय. वाटलं होतं, आता आपण मोठे झालो, इन्कम टॅक्स भरतो, ही काय करणार? तिनं मला सलग दोनदा लोळवलं. तिसऱ्यांदा जिंकले, तर व्हिटनी स्वतःच भोकाड पसरून रडायला लागली आणि बॅज देईना. हेही जसंच्या तसं ठेवलंय. थँक गॉड.

एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी इथल्या गेम कॉर्नरमध्ये स्लॉट मशीन होती, तिथं नाणी उडवायची. इंग्रजी ‘हार्टगोल्ड’मध्ये ती काढून व्होल्टॉर्ब फ्लिप नावाचा पत्त्यांचा आकडेमोडीचा खेळ बसवलाय. जुगार गेला, गणित आलं. जुनी मंडळी अजून हळहळतात.

जळलेला मनोरा

मग एक्रूटीक. म्हणजे क्योटो, आणि या सहलीतलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. इथं पानगळीचा ऋतू कायम मुक्कामाला आहे. किमोनो घातलेल्या पाच बहिणी नाचतात. गावात दोन मनोरे. एक नऊ मजली, दिमाखात उभा. त्याला मूळ इंग्रजी गेममध्ये टिन टॉवर म्हणायचे, आता बेल टॉवर. दुसरा जळका. गोष्ट अशी, की दीडशे वर्षांपूर्वी त्याला आग लागली, त्यात तीन पोकेमॉन मेले. मग हो-ओह नावाचा सप्तरंगी पक्षी उतरला आणि त्यानं त्या तिघांना पुन्हा जिवंत केलं. मनोरा मात्र कुणी बांधला नाही. फळ्या तुटलेल्या, मध्ये भगदाड. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या छोट्या पडद्यावर होता तसाच जळका, आजही.

आता खरं क्योटो बघा. तिथं किन्काकु-जी आहे, सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला मंडप, मूळचा १३९७ चा. त्याच्या छपरावर सोन्याचा पक्षी बसलाय. त्या पौराणिक पक्ष्याला जपानीत म्हणतात होओ. हो-ओह हे नाव आलं ते तिथून! आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला गिन्काकु-जी, म्हणजे रुपेरी मंडप, जो सोन्याचा मंडप बांधणाऱ्या शोगुनच्या नातवानं उभारला. त्याला चांदी कधी लागलीच नाही. एक गोल्ड, एक सिल्व्हर. निन्टेन्डोचं मुख्यालयही क्योटोतच, १८८९ मध्ये पत्ते बनवणारी कंपनी म्हणून सुरू झालेलं.

यातली गंमत पुढं आहे. आज फोटोत झळकतो तो किन्काकु-जी जुना नाहीच. जुलै १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण भिक्षूनं त्याला आग लावली आणि सगळा मंडप खाक झाला. आताचा १९५५ मध्ये पुन्हा बांधलेला. म्हणजे रिमेक! ओसाकाच्या किल्ल्याचा मुख्य बुरूज? १९३१ मध्ये काँक्रिटमध्ये उभारलेला, आत लिफ्टसकट. आणि शेजारच्या मिए भागातलं इसे इथलं मोठं देवस्थान तर दर २० वर्षांनी मुद्दाम नव्यानं बांधतात. शेजारी-शेजारी दोन मोकळे चौथरे. एकावर जुनं उभं असतानाच दुसऱ्यावर अगदी तसंच नवं उभारायचं, मग जुनं उतरवायचं. सातव्या शतकापासून हे चालू आहे. ६२ वी खेप २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये. दर पिढीतल्या सुतारांना हे काम हातानं करून शिकावं लागतं, त्यामुळे विद्या मरत नाही.

हे कळल्यावर मी रिमेक या शब्दाला नाक मुरडणं सोडलं. वेरूळला आपण मूळ दगडाला हात लावतो, तो जुना आहे म्हणून आपल्याला भरून येतं. तिकडं लाकूड कोवळं असलं तरी घर जुनंच मानतात, कारण ते बांधायची रीत जुनी आहे. ‘हार्टगोल्ड’चे दिग्दर्शक शिगेकी मोरिमोतो हे पोकेमॉन बनवणाऱ्या गेम फ्रीकच्या अगदी जुन्या मंडळींपैकी. बांधणारे हात बऱ्याच अंशी तेच. म्हणून व्हिटनी अजून रडते आणि जळका मनोरा जळकाच राहतो.

पण मग बाजीराव? तो कुठल्या चौथऱ्यावर बांधायचा?

घड्याळाची भूक

हा लेख लिहायला घेतला तेव्हा जुन्या कॅसेटच्या पोटात काय असतं ते वाचत बसले. ‘गोल्ड’च्या बोर्डावर नाण्याएवढा एक सेल सोल्डर केलेला असतो. तुमचा सेव्ह तोच सांभाळतो. पण मशीन बंद असताना जोटोतलं घड्याळही तोच चालवतो. तुम्ही झोपलात, परीक्षेला बसलात, लग्नाला गेलात, तरी आत रात्रीचा दिवस होतच असतो. पहिल्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’मध्ये असं घड्याळ नव्हतं, त्यामुळे त्यांचे सेल ‘गोल्ड’पेक्षा जास्त टिकतात. ज्या घड्याळामुळे ते गाव खरं वाटायचं, तेच घड्याळ त्या गावाचं आयुष्य थोडं थोडं खात होतं.

आणि सेल संपला की काय होतं? काहीच टिकत नाही. खेळा, सेव्ह करा, मशीन बंद करा, पुन्हा लावा: सगळं कोरं.

हे वाक्य मी वाचलं आणि उठून घरात दोन चकरा मारल्या.

मे २००६ मध्ये सेल गेला असता, तर ‘सोनू’ही गेली असती. माझे दोन तास, माझा मुलगा असलेला सोनू, नंतरच्या तीन सुट्ट्या... काहीच उरलं नसतं. सेल माणूस बघून जात नाही. दादानं त्या संध्याकाळी गेम उघडला तेव्हा पडद्यावर ‘कंटिन्यू’ होतंच. त्याखाली नाव होतं ‘सोनू’. तो बराच वेळ बघत बसला होता ते हेच. मग मावशीनं विचारलं, आणि त्यानं वर न बघता सांगितलं, सेल गेला.

इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दहावीची बीजगणितं सोडवली, मास कॉमची डिग्री घेतली, लोकांच्या मुलाखती घेऊन खोटं पकडायला शिकले, आणि घरातलंच खोटं दिसलं नाही.

खरा सेल पुढं गेलाच. कॉलेजात असताना ती कॅसेट मी माळ्यावरून काढली, तेव्हा पडद्यावर फक्त ‘न्यू गेम’ होतं.

रुपेरी डोंगर

जोटोचे आठ बॅज झाले, चॅम्पियनला हरवलं, की दुसरा गेम संपला असता. इथं जहाज येतं आणि तुम्हाला कांटोला घेऊन जातं. कांटो म्हणजे १९९६ च्या पहिल्या गेमचा मुलूख, तीन वर्षांनंतरचा. हे मूळ ‘गोल्ड’मध्येही होतं. त्या चिमूटभर कॅसेटमध्ये इतकं कसं मावलं? तेव्हा एचएएल लॅबोरेटरीचे अध्यक्ष असलेले सातोरू इवाता यांनी चित्रं दाबून बसवायची साधनं लिहून दिली होती, जे पुढं २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. म्हणजे हा गेम पहिल्यापासूनच परत येण्याबद्दल होता. कांटोत गेल्यावर दिसतं, की ज्वालामुखीनं सिन्नाबार बेट गिळलंय. जिम नाही, घरं नाहीत. तिथला जिममास्तर ब्लेन दुसऱ्या बेटावरच्या गुहेत जिम मांडून बसलाय.

१६ बॅज झाल्यावर सेलाडॉन शहरात एक भेट मिळते. तिचं नाव ‘जीबी साउंड्स’. ती चालू केली की सगळं संगीत बदलून गेम बॉयच्या वेळचं होतं, तेच पिपाणीसारखे चिवचिवणारे सूर. डोळ्यापुढं नवं गाव आणि कानात जुनं. बनवणाऱ्यांनी हे बक्षीस मुद्दाम शेवटी ठेवलंय. सगळा नवा मुलूख पायाखालून घातलात तरच जुना आवाज मिळेल.

तो लावून मी माऊंट सिल्व्हर चढले. चाहते याला फुजी मानतात. मूळ गेममध्ये रेड गुहेत उभा असायचा, आता तो उघड्या शिखरावर आहे आणि बर्फ पडतोय. रेड म्हणजे पहिल्या गेममधला खेळाडू, तुमच्या आधी इथं येऊन गेलेला. अजूनही एक शब्द बोलत नाही. पिकाचू लेव्हल ८८.

बाजीराव पहिल्याच फटक्यात गारद. खानदानी परंपरा! दोनदा हरले. तिसऱ्या खेपेला पाच जण पडले, आणि रेडच्या शेवटच्या ब्लास्टॉइजपुढं उरली ती मोची. व्हायोलेट सिटीखाली पकडलेली ती मेंढी आता अँफरोस झाली होती, विजेची. एक वीज पडली, ब्लास्टॉइज खाली बसला. रेड काही न बोलता नाहीसा झाला आणि नामावली सुरू झाली.

मी उडत न्यू बार्कला परत आले आणि दादाला फोन लावला. तो आता बंगळूरला असतो, एका मुलीचा बाप आहे.

“काय गं, इतक्या रात्री?”

“सहज.”

डीएस मांडीवर चालूच होता. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, “ही न्यू बार्कची ट्यून ना?”

“हो. रेडला हरवलं मी. पिकाचू अठ्ठ्याऐंशी होता.”

“माझ्या वेळी एक्क्याऐंशी होता,” तो म्हणाला. एका सेकंदात. या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख वहिनी सांगते.

“दादा, तेव्हा सेल गेला नव्हता.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “माहितीये,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“आईनं गेम बॉय कपाटात टाकला असता. वर तू सुट्टीभर रडली असतीस. कोण ऐकणार?”

“खोटं बोललास.”

“तू खरं बोललीस का?”

पॉइंट होता. मी सॉरी म्हणाले. वीस वर्षं उशिरा म्हणाले, तरी म्हणाले. तो म्हणाला, सॉरी राहू दे, दिवाळीला येशील तेव्हा ते घेऊन ये. त्याला एकदा रेडशी लढायचंय.

अडचण अशी, की एकदा हरवलेला रेड डोंगरावर लगेच परत येत नाही. एलीट फोरला पुन्हा एकदा हरवावं लागतं, तेव्हा तो तिथं उभा राहतो. म्हणून सध्या माझ्या संध्याकाळी त्या चौघांबरोबर जातात. बाजीरावाला नव्वदच्या पुढं न्यायचाय. दिवाळीपर्यंत होईल.

जोटोला जायचंय?

कसं जाल: ‘हार्टगोल्ड’ किंवा ‘सोलसिल्व्हर’ निन्टेन्डो डीएसवर चालतात, ३डीएसवरही. कॅसेट सेकंडहँडच शोधा आणि उजेडापुढं धरून लालसर दिसते का बघा. मूळ ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ २०१७ मध्ये ३डीएसच्या ऑनलाइन दुकानात आले होते, पण ते दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं.

कधी जाल: शुक्रवारी लॅप्रस, मंगळवार-गुरुवार-शनिवार किड्यांची स्पर्धा. ऑफिसातून उशिरा सुटत असाल तर हूटहूटची सवय करून घ्या.

काय चुकवू नका: एक्रूटीकची लाल पानांची वाट, लेक ऑफ रेजमधला लाल ग्याराडोस आणि शेवटी ‘जीबी साउंड्स’.

सोबत काय न्याल: मूळ डब्यात चेंडूच्या आकाराचा पोकेवॉकर यायचा. तो कमरेला लावून चाललं की दर २० पावलांना एक वॉट जमा होतो आणि आतल्या पोकेमॉनची सैर होते. सेकंडहँड सौद्यात मिळाला तर सोडू नका. मला नाही मिळाला.

काळजी: व्हिटनीच्या गायीला गरीब समजू नका. आणि कॅसेटमध्ये आधीच कुणी राहत असेल, तर पुसण्याआधी नावं लिहून घ्या.